एक हात गणपती, एकास बहात्तर

शेवटी माझं इंद्रदेवाशी लग्न झालं.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. असं काही झालेलं नाही. १९६३ चा जुलै आहे, मी इंद्रदेव नावाच्या कुणालाही ओळखत नाही आणि मॉरिशसमधल्या कार्तिए मिलितेर गावच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीपुढे ओल्या चपलांनी उभी आहे. माझ्यापुढे एक उंच, काटकुळा मुलगा आहे आणि त्याच्यामुळे रांग अडली आहे.

कारकुनाला फॉर्म भरायचा होता. डब्यात काय? सैनिक, मुलगा म्हणाला. किती? अठ्ठेचाळीस. कारकुनाने पेन खाली ठेवलं. एवढं सैन्य बेटावर उतरवायचं तर वरून परवानगी लागत असेल, असं त्याचं मत पडलं. ते प्लास्टिकचे आहेत, हे मुलाने तीनदा सांगितलं. कारकून म्हणाला, असोत, पण हातात बंदुका आहेत ना?

मी सरकारी कचेरीत टायपिस्ट. फॉर्म अडला की माझे हात शिवशिवतात. मी पुढे होऊन म्हटलं, "लिहा — खेळणी, उंची एक इंच, स्वभावाने शांत."

त्याने लिहिलं. शिक्का पडला. मुलगा माझ्याकडे वळला. आता आभार मानेल, असं मला वाटलं.

"खेळणी नाहीत ती," तो म्हणाला. मग जरा थांबून... "पण शांत आहेत, हे खरं."

त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब बसले होते. अगदी बारीक. मी ते का मोजले, माहीत नाही.

शनिवारी आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मराठीच्या वर्गाला गेले तर हा मागच्या बाकावर. नाव इंद्रदेव. नकाशांच्या कचेरीत ड्राफ्ट्समन. एकतीस ऑगस्टच्या बोटीने दोन वर्षांसाठी विलायतेला चाललेला, जमिनीची मोजणी शिकायला. पण त्याचं दुःख वेगळंच होतं. तो जेवणाच्या टेबलावर लढाया खेळायचा आणि त्याच्याकडची विमानं एकास बहात्तर होती, तर रणगाडे एकास शहात्तर. म्हणजे खरी बहात्तर इंचांची वस्तू विमानांच्या जगात एक इंच व्हायची आणि रणगाड्यांच्या जगात त्याहून नखभर कमी. या फरकाने जगात कुणाचंही बिघडत नव्हतं. फक्त याला झोप येत नव्हती.

"जायच्या आधी एक प्रमाण ठरवायचंय," तो म्हणाला. "एकदा ठरलं की जन्मभर तेच. मध्येच बदलता येत नाही."

"मग मोठं घ्या. चेहरे तरी दिसतील."

"मोठं घेतलं तर टेबल पुरत नाही."

"टेबल मोठं घ्या."

"खोली पुरत नाही."

"खोली मोठी घ्या."

"मग आई पुरत नाही," तो म्हणाला. हसला नाही. मीही हसले नाही. आम्ही दोघं पाच मिनिटं फळ्याकडे बघत बसलो — फार गंभीर चेहऱ्याने. गुरुजींना वाटलं, वर्ग रंगलाय.

त्यानंतर माझं काही खरं राहिलं नाही. बसले की उठावंसं वाटे, उठले की खिडकीशी जावंसं. गटारांच्या अहवालात मी "एकास बहात्तर" टाइप केलं आणि साहेबांनी त्यावर सही केली.

ऑगस्टात चतुर्थी. मंडळाचे अध्यक्ष बलरामकाका यांनी गणपतीपुढची आरास इंद्रदेवावर सोपवली: डोंगरी किल्ला आणि त्यावर मावळे. मावळे कुठून आणायचे? डब्यातून निघाले इंग्रज पायदळ. त्याने अठ्ठेचाळीस जणांना पागोटी रंगवली. मी ब्रश धुवत होते. रायफली तशाच राहिल्या.

"आयो, एवढुशी माणसं देवापुढे?" बलरामकाका म्हणाले. "देवाला चष्मा लावायचा काय?"

इंद्रदेव माझ्याकडे बघू लागला. मी कार्बन पेपरच्या पाठीवर हिशेब मांडला. आमची मूर्ती एक हात उंच, म्हणजे अठरा इंच. एकास बहात्तर धरलं, तर या सैनिकांच्या नजरेने गणपती भरतो बरोबर एकशे आठ फूट.

बलरामकाकांनी जानवं चाचपलं. शहात्तरने किती येतात, त्यांनी विचारलं. एकशे चौदा. ते नको, ते म्हणाले. प्रमाण एकमताने मंजूर झालं. उंदीर दोन मजली होतो, हे मी इतिवृत्तात घेतलं नाही.

इंद्रदेवाला त्या रात्री म्हणे झोप लागली.

पण दुसऱ्या दिवशी माझे बाबा, तुलसीराम, बिस्किटांचा डबा घेऊन हॉलमध्ये आले. बाबा महायुद्धात इजिप्तला होते, पायोनियर पलटणीत, रस्ते खणायला. कैरोच्या बाजारातून त्यांनी शिशाचे सहा सोल्दा, म्हणजे शिपाई, आणले होते. प्रत्येकाला त्यांच्या टोळीतल्या एकेकाचं नाव. त्यातले दोन परत आले नव्हते. बाबांना ते सहा आरासेत हवे होते.

इंद्रदेवाने एक उचलून पट्टीला लावला. सव्वादोन इंच.

"काका, हे एकास बत्तीस आहेत," तो म्हणाला. "माझी माणसं यांच्या मांडीपर्यंत येतात. नाही चालणार."

बाबांनी डबा बंद केला. घरी जेवताना मला म्हणाले, "सहा माणसं ज्याला जड होतात, त्याने घर बांधायच्या फंदात पडू नये." घराचं मी काहीच बोलले नव्हते. बोटीला अकरा दिवस उरले होते. मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि तेवढ्यात टाइपरायटरच्या दोन रिबिनी फाडल्या.

चतुर्थीच्या सकाळी इंद्रदेव आमच्या दारात. डोळे लाल, पुन्हा झोप नसलेली. त्याला बाबांशीच बोलायचं होतं. दार लोटलं गेलं. दहा मिनिटांनी तो डबा घेऊन बाहेर पडला आणि माझ्याकडे न बघता गेला.

मी हॉलमध्ये पोचले तेव्हा बाबा उंबऱ्यातच थबकले होते. आरासेत, अगदी पुढे, टेबलाच्या कडेला ते सहा शिशाचे उभे होते. आपल्याकडे पाठ, नजर किल्ल्याकडे. मधे माळ, तांदळाची नदी, आणि पार मागे, तटावर, ते इंचभराचे अठ्ठेचाळीस. दारातून बघाल तर सगळं एकच सैन्य होतं. हे जवळ होते, ते लांब होते, एवढंच.

"वाळवंटात असंच दिसायचं," बाबा म्हणाले.

आरती सुरू झाली. इंद्रदेव माझ्या शेजारी येऊन टाळ्या वाजवू लागला, चुकीच्या तालात.

"बोटीवरून मी तुला असाच दिसेन," तो पुटपुटला. "एक इंच."

"आणि मग दिसणारच नाहीस."

"प्रमाण तेच राहतं, जमुना. फक्त... अंतर वाढतं."

"हे लग्नाचं विचारतोयस का?"

"मोजणीचं सांगतोय." टाळी चुकली. "हो. विचारतोय."

"बाबांना विचारावं लागेल."

"विचारलं. सकाळी, डब्याबरोबर."

"काय म्हणाले?"

"बोन, म्हणाले, ठीक आहे. पण सहाही जण लग्नाला येणार."

मी होकार दिला नाही. मी फक्त त्याचा हात धरून टाळी तालात आणली.

एकतीस तारखेला पोर्ट लुईच्या धक्क्यावर मी अंगठा डोळ्यापुढे धरून त्याला मोजत राहिले. सव्वादोन इंच. एक. तांदळाचा दाणा. मग नुसताच अंगठा. दुपारी कचेरीत जाऊन मशीनमध्ये कागद घातला, दोन कार्बनसकट.

प्रति,
सक्षम अधिकारी, समुद्र व अंतर विभाग

विषय: प्रमाण बदलून मिळणेबाबत

महोदय,
मॉरिशस ते विलायत हे अंतर सध्या पूर्ण आकारात असून अर्जदारास ते गैरसोयीचे आहे. तरी सदर अंतर आजपासून दोन वर्षांकरिता एकास बहात्तर करण्यात यावे, म्हणजे ते सायकलच्या टप्प्यात येईल. अर्जदाराकडे सायकल आहे. मात्र प्रवासी इंद्रदेव यांच्या उंचीत कोणताही बदल करू नये, ही नम्र विनंती.