उन्हात काळी होणारी काच

टिच्…

एवढासाच आवाज झाला, पण घरातली संध्याकाळ मधोमध चिरली गेली. कोपऱ्यातल्या काचपेटीवरचा दिवा फुटला होता, आणि पेटीसमोर पाण्याचा फवारा घेऊन चिंगी उभी होती. ओठ बाहेर, डोळे भरलेले.

"मी फक्त आजोबांना अंघोळ घालत होते."

आजोबा म्हणजे सरडा. वाळवंटातल्या जातीचा, हातभर लांब, हनुवटीखाली काटेरी दाढी. घरात खरे आजोबा नव्हते, ते पद रिकामंच होतं, म्हणून चिंगीने ते त्याला देऊन टाकलं. चौथ्या वाढदिवसाला तिच्या बाबांनी तो आणून दिला होता. तोवर आईबाबांची घरं वेगळी झाली होती. बाबा आधी दर रविवारी यायचे, मग एक रविवार आड, मग नुसते फोनवर, आणि मग फोनवरही नाही. आजोबा मात्र राहिले.

आईने काचा गोळा केल्या. तापलेल्या दिव्यावर पाणी उडालं की तो फुटणारच, हे पाच वर्षांच्या पोरीला कुठून कळणार? काळजी वेगळीच होती. सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून मिळेल तेवढीच त्याची. तिने गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आजोबांच्या शेजारी ठेवली आणि सकाळ होताच, भोकं पाडलेल्या डब्यात घालून त्यांना जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

बाकावर एकच जागा होती. शेजारी चष्मा लावलेला एक उंच माणूस, आणि त्याच्या मांडीवर तोंड बांधलेली कापडी पिशवी. पिशवी हलली.

"तुमची पिशवी हलतेय," ती म्हणाली.

"कंटाळलेत साहेब."

"कोण साहेब?"

"तुम्ही आधी बसा. उभ्याने ऐकायची गोष्ट नाही."

ती बसली. "हं, सांगा."

"अजगर आहे. सर्दी झालीय."

ती उठली नाही, याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "अजगराला सर्दी?"

"खिडकी उघडी ठेवून झोपलो होतो. मला साधी शिंकही आली नाही, साहेबांची मात्र छाती भरली. तुमच्या डब्यात?"

"आजोबा."

त्याने डब्यात डोकावून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे मान लववली. "नमस्कार." मग तिच्याकडे वळून, "तब्येत कशाने बिघडली?"

तिने दिव्याचं सांगितलं. तसला दिवा — ऊबही देणारा आणि उन्हातलं ते न दिसणारं, हाडांना लागणारं सत्त्वही देणारा — दुकानात मागवावा लागायचा, आठवडा तरी जायचा. त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला.

"एक दिवा आहे माझ्याकडे. रिकामाच… म्हणजे, पडूनच आहे. संध्याकाळी आणून देऊ?"

त्या वेळी तिला त्या तुटक्या वाक्यात लाजाळूपणाच दिसला. आपल्याला दिसावंसं वाटतं तेच माणूस आधी बघतो.

तो दातांचा डॉक्टर निघाला. संध्याकाळी स्टुलावर चढून दिवा बसवताना सूचना चालू होत्या. फवारा मारायचा तो पेटीच्या कोपऱ्यात, दिव्याकडे नाही. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला सावली, म्हणजे आजोबांना हवं तिथे जाता येईल. रातकिडे द्यायचे ते कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून. आणि आजोबांना हात लावला की साबण, दर वेळी.

"पापी घेतली तर?" चिंगीने विचारलं.

"आजोबांची पापी घ्यायची नाही. जंतू असतात."

"आणि अजगरकाकांची?"

अजगरकाका स्टुलावरून पडता पडता वाचले. तिने हसू लपवायला खिडकी पुसायला घेतली.

"खिडकीतलं ऊन पुरत नाही बरं का," तो घाईघाईने म्हणाला. "काच त्यातलं कामाचं तेवढंच अडवते."

"मला सांगताय? चष्म्याच्या दुकानात आहे मी. अतिनील किरण अडवणाऱ्या काचा दिवसभर विकते."

"मग छान जमेल. तुम्ही अडवा, मी सोडतो."

दिवा लागला. निळसर पांढरा, स्वच्छ. आजोबा दगडावर चढले, दाढी फुगवली, डोळे मिटले. तिघांचे चेहरे त्या उजेडात एकदम धुतल्यासारखे झाले.

पुढच्याच आठवड्यात तो तिच्या दुकानात हजर. नवा चष्मा हवा होता.

"सरड्याच्या सेवेचा मोबदला मागायला आलात?"

"डोळे खरंच बिघडलेत. हल्ली एकच चेहरा दिसतो."

"तो नंबरचा दोष नाही," ती म्हणाली आणि मान खाली घालून मोजपट्टी शोधू लागली. पट्टी तिच्या हातातच होती.

दोन बुबुळांमधलं अंतर मोजायला अगदी समोर बसावं लागतं. रोज कितीतरी लोकांचं ती मोजायची. "माझ्या कपाळाकडे बघा. हलू नका."

"मी नाही हलत. तुमची पट्टी हलतेय."

तिने पुन्हा मोजलं. मग आणखी एकदा.

काच त्याने निवडली ती उन्हात काळी होणारी. घरात पांढरी, बाहेर पडलं की उन्हातल्या अतिनील किरणांनी आपोआप काळी.

"म्हणजे रस्त्यात कोणाकडे बघताय ते कोणाला कळायचं नाही."

"म्हणूनच घरात बसून बघीन," तो म्हणाला.

आणि बसला. दर रविवारी दुपारी, पेटीसमोर सतरंजीवर, तिघंजण. चिंगी भुकटी सांडायची, तो रातकिडे सोडायचा, आजोबा जीभ फेकून मटकवायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवत नव्हतं. ताईला फोनवर बातमी कळली तेव्हा ती आधी किंचाळली.

"साप पाळतो? अगं, आगीतून उठून फुफाट्यात पडायची हौस आहे का तुला?"

"दातांचा डॉक्टर आहे, ताई."

"असं होय… मग सापाचं बघता येईल." जरा थांबून ताईचा आवाज खाली आला. "चिंगीला लळा लागायच्या आत नीट बघून घे मात्र. एकदा पोळलीयस."

लळा तर लागून गेला होता. चिंगीने चित्र काढलं होतं: आई, चिंगी, आजोबा, साहेब, आणि सगळ्यांहून उंच अजगरकाका.

असाच एक रविवार. चिंगी सतरंजीवरच झोपली होती. तो पेटीवर ओणवा होऊन आजोबांच्या बोटाला अडकलेली कात ओल्या कापसाने सोडवत होता. ओढायची नाही, भिजवायची. घाई केली तर बोट जातं.

"दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणतो," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "माझंच उघडत नाही."

"भूल देऊ?"

"नको. दुखू दे." मग त्याने वर पाहिलं. "आवडतेस तू मला. तुम्ही दोघी… इथे यायला लागल्यापासून मला घरी गेल्यासारखं वाटतं."

दिवा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता. त्या लख्ख उजेडात, त्याच्या पांढऱ्या काचांतून, तिला त्याचे डोळे तळापर्यंत दिसले. किती स्वच्छ दिसतात, एवढंच तिला सुचलं. त्या काचा तिने स्वतः बसवल्या होत्या, तरी.

पुढे आजोबा दगडावर चढेनासे झाले. आधी वाटलं, आळस. मग रातकिडा समोर असून त्यांची जीभ चुकायला लागली. मग एक दिवस पुढचा पाय थरथरला आणि शरीराखाली वाकडा पडला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आजोबांचा जबडा दोन बोटांत हलकेच धरला. तो रबरासारखा लवला.

"हाडं मऊ पडलीत. कॅल्शियम देता?"

"रोज. दिवाही रोज लागतो."

"लागतो का ते नाही विचारलं. कधीचा आहे? हे दिवे जुने झाले की उजेड देतात, ऊब देतात, पण अतिनील किरण संपलेले असतात. दिसायला काही फरक नाही. प्राणी बिचारा खाली बसून राहतो आणि आतून झिजत जातो."

"बरा होईल ना?"

"नवा दिवा लावा, औषध देते. हाड घट्ट होईल. वाकलेलं मात्र सरळ होणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुकानातून निघताना तिने नमुन्याची एक काच पर्समध्ये टाकली. उन्हात काळी होणारी. घरी येऊन दिव्याखाली धरली. वाट पाहिली. आणखी जवळ नेली. बोटं भाजली, काच पांढरीच राहिली. मग खिडकी उघडून तीच काच उतरत्या उन्हात धरली, आणि ती बघता बघता काळी झाली.

ती जमिनीवरच बसली. इतके रविवार तो वीतभर अंतरावरून त्या दिव्याखाली वाकत होता. त्याचा चष्मा एकदाही काळा झाला नाही. आणि जगात हे ज्या एका बाईला कळायला हवं होतं, ती त्याचे डोळे बघत बसली होती.

रविवारी तो आला. चिंगी शेजारी खेळायला गेली होती. तिने त्याचा चष्मा काढला आणि दिव्याखाली ठेवला. तो हुशार माणूस. काच बघत राहिला, आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"कोणाचा होता हा दिवा?" तिने विचारलं.

"बायकोच्या सरड्याचा." तो खाली बसला. "ती गेली, सरडा घेऊन गेली. पेटी राहिली. दिवा रोज सकाळी लागायचा, संध्याकाळी विझायचा."

"रिकाम्या पेटीवर?"

"वर्षभर. बंद करवेना. वाटायचं, ती आली तर…" तो थांबला. "मग तू भेटलीस. वाटलं, आता बंद करता येईल. म्हणून काढून तुझ्याकडे आणला."

"बंद कुठे केलास? जागा बदललीस."

त्याने चष्मा उचलला नाही. पेटीत आजोबा वाकडा पाय घेऊन दिव्याकडे तोंड करून बसले होते.

"जुना झाला असेल हे लक्षात कसं नाही आलं तुला? तू तर मला साबणापासून शिकवलंस."

"जळत होता ना," तो हळूच म्हणाला. "जळतोय तोवर चांगलाच आहे असं वाटत राहिलं. फसवायचं नव्हतं गं तुला."

"माहितेय. फसवलं असतंस तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं." तिने श्वास घेतला. "एकच सांग. उद्या ती दारात उभी राहिली तर?"

तो काहीतरी बोलायला गेला — आणि थांबला. फार वेळ नाही. रातकिडा दगडावरून खाली उडी मारेल, एवढाच वेळ. मग म्हणाला, "नाही गं, आता तू…"

पण तिने तो थांबणं ऐकलं होतं. एकदा मऊ हाडावर घर उभारून झालं होतं तिचं. ते उभारताना ती एकटीच होती. आता कडेवर पोर होतं.

"दिवा घेऊन जा," ती म्हणाली.

"तू नवा—"

"आणलाय मी. तुला दाखवायचा म्हणून हा उतरवला नव्हता."

त्याने स्टूल ओढलं, दिवा उतरवला, रुमालात गुंडाळला. दारात चपला घालताना चिंगीचं भिंतीवरचं चित्र त्याला दिसलं असणार, कारण एक चप्पल घालायला त्याला बराच वेळ लागला.

चिंगी काही दिवस विचारत राहिली, मग विचारायची थांबली. ते थांबणं विचारण्याहून वाईट होतं. ताईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही.

एकदा भर दुपारी तो रस्त्यापलीकडे दिसला. एकटाच. ऊन रणरणतं होतं, त्याच्या काचा काळ्याभोर झाल्या होत्या. त्याने तिच्याकडे पाहिलं की तिच्या मागच्या दुकानाकडे, कळायला मार्ग नव्हता. चांगली काच होती. तिनेच बसवली होती.

नव्या दिव्याने आजोबा सावरले. जबडा कडक झाला, दाढी पुन्हा फुगायला लागली. पाय वाकडाच राहिला. तो जरा ओढत ते रोज दगडावर चढायचे, आणि चिंगी साबणाने धुतलेले हात गालाला लावून बघत बसायची.

"आई, जुना दिवा खोटा होता ना?"

"खोटा नाही गं. संपला होता."

"आजोबांना कळलं होतं, संपलाय ते?"

"कळलं असेल. पाय दुखत असतील ना त्यांचे."

चिंगीने गालावरचे हात काढले.

"मग ते रोज त्याच्याखालीच का बसायचे?"