संचालिकेचा शेरा

कसबा पेठेत, तांबट आळीच्या तोंडाशी, एक वधू-वर सूचक केंद्र आहे. शनिवारी दुपारी वल्लरी त्याचा जिना चढली, तेव्हा भांडण्याइतकेही त्राण तिच्यात उरले नव्हते. माहिती संरक्षणाचा नवा कायदा आल्यापासून कंपनीत इतरांच्या खासगी माहितीची राखण हेच तिचे काम झाले होते. कोणाची माहिती कशासाठी घेतली, किती ठेवली, कधी पुसली... आणि तिची स्वतःची माहिती मात्र गावभर हिंडत होती.

केंद्राच्या संचालिका प्रेमलाबाई यांच्या खुर्चीत पस्तिशीचा एक गृहस्थ चहात बिस्किट बुडवत बसला होता.

“प्रेमलाबाई नाहीत?”

“गुडघ्यांपुढे आईनं हात टेकले. आता मी बघतो. पृथ्वीराज. बसा ना. मुलगा कसा हवा?”

“नको आहे. माझी माहिती पुसून हवी आहे.”

बिस्किट चहात बुडाले ते बुडालेच.

तिने मोबाइल पुढे धरला. केंद्राची एक जुनी प्रथा होती. प्रत्येक परिचयपत्राखाली संचालिका आपला प्रामाणिक शेरा लिहीत. वल्लरीच्या परिचयपत्राखाली लिहिले होते — ‘साखरपुडा मोडला आहे. कारण मुलीस विचारावे.’

“आणि लोक विचारतात हो! काल लोणी काळभोरच्या एका काकांनी भर मीटिंगमध्ये फोन केला. ‘पोरी, नेमकं काय झालतं?’ म्हणे.”

पृथ्वीराजाने शेरा वाचला. त्याचे कान लाल झाले. “पण नव्या कायद्यातली माहिती पुसण्याची कलमं लागू व्हायला अजून अवकाश आहे ना?” तो चाचरत म्हणाला.

“आहे. तोवर काकांना उत्तर आपण देता का?”

त्याने संगणक तिच्याकडे वळवला आणि तिच्यादेखत सारे पुसले. पण परिचयपत्र मोबाइलवरून कितीतरी घरी गेलेले होते. कायदा काहीही म्हणो, लोकांच्या घरात शिरून कोण पुसणार? शेवटी तोच म्हणाला, “एकेका घरी फोन लावतो. शनिवारी दुपारी येत जा. आपल्यासमोरच लावीन, म्हणजे शंका नको.”

ती येऊ लागली. खालून तांब्यावरच्या हातोडीचे ठोके येत, डोक्यावर पंखा कुरकुरे आणि तो शांतपणे बोलत राही — “नमस्कार. वल्लरी यांचं परिचयपत्र कृपया काढून टाका... नाही, लग्न ठरलं नाही... छे, तसंही काही नाही... आजोबा, त्यांना नको आहे. एवढं कारण पुरेसं आहे.”

त्या शेवटच्या वाक्याला वल्लरीने मान वर केली. इतक्या वर्षांत, तिला नको आहे एवढ्यावर कोणी थांबले नव्हते.

“आपण एकदाही विचारलं नाहीत,” एका शनिवारी ती म्हणाली, “साखरपुडा का मोडला ते.”

“गरजेपुरतीच माहिती घ्यावी, असं आपणच शिकवलंत.”

“आणि गरज वाटली तर?”

“तर... आधी परवानगी मागीन.” तो खिडकीबाहेर पाहू लागला. तिला हसू आले. थकलेल्या माणसाला येते तसे, उशिरा, पण खोलवरून. घरे संपत आल्याचे तिला आताशा वाईट वाटू लागले होते.

पुढच्या शनिवारी तिने विचारले, “झालं सगळं?”

“एक घर उरलं आहे.”

“मग लावा फोन.”

“आमचंच आहे.” त्याचा आवाज उतरला. “आईच्या मोबाइलमध्ये आहे. माझ्यासाठी ठेवलंय तिनं.”

“कधी कळलं आपल्याला?”

“दुसऱ्याच शनिवारी. सांगितलं असतं, तर त्यानंतर आपण इथं कशाला आला असता? मला आपण आवडता, वल्लरी. परिचयपत्रातल्या नव्हे... इथं पंख्याखाली डुलक्या काढणाऱ्या.”

तिचे गाल तापले — आधी लाजेने, मग रागाने. “म्हणजे माहिती माझी आणि सोय तुमची! काकांत नि तुमच्यात फरक काय राहिला?” ती पर्स उचलून दाराशी गेली.

त्याने अडवले नाही. फोन लावला आणि आवाज मोठा केला. “आई, वल्लरींचं परिचयपत्र काढून टाक.”

“का रे? चांगली मुलगी आहे.”

“आहेच. पण त्यांना नको आहे. आणि तो शेरा तू लिहायला नको होतास. फार सोसलं त्यांनी.”

प्रेमलाबाईंनी आवाज खाली आणला.

“मुलगी तिथंच आहे का?... चुकलं हो माझं, बाई. आत्ता पुसते. पण हे मेलं पुसायचं कसं, ते मला येत नाही!”

उंबऱ्यावर वल्लरी थबकली. राग होता, पण तो धरून ठेवायला लागणारी ताकद नव्हती आणि खरे तर इच्छाही नव्हती.

“वारज्याला ना घर?” तिने पृथ्वीराजाला विचारले. “चला. माझ्या हातानं पुसते.” मग परत टेबलाशी येऊन फोनमध्ये म्हणाली, “पोहे मात्र करू नका. मला खरोखरीची भूक लागली आहे.”

“पिठलं-भात चालेल?”

“धावेल.”

जिन्यात तो दोन पायऱ्या मागे राहून पुटपुटला, “याचा अर्थ... मी काय समजू?”

“मी जेवायला येते आहे. संमती फक्त जेवणापुरती.”

“आणि उद्याचं?”

“उद्याची उद्या मागा,” ती म्हणाली आणि त्याला बरोबर येता यावे म्हणून थांबली.