घरचा झेंडा

कागलच्या पुढे माळावर एक बंद पडलेली सूतगिरणी होती. तिच्या गोदामांभोवतीच्या रस्त्यांवर माळरान मोटर क्लबची मंडळी दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आपापल्या गाड्या पिदडायची. त्यांत कारखानदार होते, दोन वकील होते, एक डॉक्टरीण होती. शर्यतपटू म्हणावं असं कुणीच नव्हतं. हौसेला मोल नसतं, एवढ्या एका तत्त्वावर क्लब चौदा वर्षं टिकला होता.

त्या रविवारी सकाळी कटवड्याच्या बशा रिकाम्या झाल्या आणि सगळे दोन गाड्यांभोवती जमले. दोन्ही छोट्या, पाच दारांच्या, विजेवर पळणाऱ्या हॅचबॅक. ताकद सारखी, वजनात दहा-वीस किलोंचा फरक. लाल होती ती ठिणगी, करडी होती ती शिकरा. अर्ध्या क्लबला नवी गाडी घ्यायची होती आणि कुठली घ्यायची ते रणधीर शिंत्रे सांगणार होता.

रणधीरचा उद्यमनगरात लेथचा कारखाना होता. वय बावन्न. गाडीतलं त्याला बुडाला कळतं, असं सेक्रेटरी तोडकर कौतुकानं सांगायचे. पण गेल्या दिवाळीत एका वळणावर त्याची गाडी उलटली. अंगाला साधा ओरखडाही आला नाही, मात्र भीती जी हातांत शिरली ती निघायचं नाव घेईना. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. रणधीर तर भाजी आणायलाही रिक्षानं जाऊ लागला. आज परत हात कापले तर स्टिअरिंगला कायमचा रामराम, असं त्यानं सकाळी बायकोला, इंदूला, सांगितलं होतं. आणि गाडीखेरीज त्याला कशाची हौसच नव्हती.

इंदू पिवळा झेंडा घेऊन विहिरीच्या वळणाकडे चालत गेली. तिथे एका बाजूला गिरणीच्या विहिरीचा कठडा आणि दुसऱ्या बाजूला गोदामाची भिंत. वळण अगदी जवळ आल्याशिवाय पलीकडचं दिसायचं नाही. पूर्वी एकानं तिथला झेंडा न जुमानता गाडी कठड्यावर घातली. तेव्हापासून क्लबचा शिरस्ता पडला, की त्या वळणावर झेंडा चालकाच्या घरच्याच माणसानं धरायचा. परक्याचा झेंडा माणूस डोळ्यांनी बघतो, घरचा पोटानं. इंदू अकरा वर्षं तिथे उभी राहत होती. रस्त्यावर काही पडलं की ती झेंडा हलवायची, रणधीरचा पाय उचलला जायचा, आणि गाडी पोचायच्या आत ती रस्त्यात शिरून ते उचलून बाजूला करायची. इतक्या वर्षांत तिनं गाडी खरंच मंदावली का हे थांबून बघितलं नव्हतं. बघायची गरजच पडली नव्हती.

आधी ठिणगी. गाडी झकास होती. वळणात नाक घातलं की शेपूट आपसूक मागे यायची. पण दुसऱ्याच वळणावर रणधीरचे तळवे ओले झाले. विहिरीजवळ इंदूचा झेंडा गुंडाळलेला असूनही त्यानं पन्नास पावलं आधीच ब्रेक दाबला. तीन फेऱ्या झाल्या. उत्तम वेळ एक मिनिट एकतीस सेकंद. तो उतरला तेव्हा हात लटलट कापत होते आणि मनगटावरचा पट्टा नाडीचे ठोके एकशे अठ्ठेचाळीस दाखवत होता.

"लेका, चालायचंच," तोडकर म्हणाले. बाकीचे दुसरीकडे बघू लागले. रणधीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता शिकरा," डॉक्टर नसरीन मुल्ला म्हणाल्या. "हिच्यात उशी आहे."

शांत-उशी आता नवलाची राहिली नव्हती. पहिल्यांदा ती दाताच्या दवाखान्यातल्या खुर्च्यांवर आली, मग रुग्णवाहिकांत, मग परीक्षेच्या हॉलमध्ये. गाडीत मात्र यंदाच आली होती.

"मेंदूकडून काळजाकडे एक लांब मज्जातंतू उतरतो," नसरीन त्याच्या मानेला उशीच्या चकत्या नीट लावत म्हणाल्या. "ह्या चकत्या त्याला बारीक विजेनं थोपटतात. धोका तुम्हाला दिसणार, कळणार. फक्त अंग घाबरणार नाही."

"आणि उतरल्यावर?"

"वीसेक मिनिटं असर राहतो. मग तुमचं तुम्हाला परत."

रणधीरनं कळ दाबली. मानेत मुंग्या आल्या, आणि सहा महिने छातीत अडकलेलं काहीतरी सुटलं. आनंद झाला असं नव्हे. काहीच झालं नाही. हात स्टिअरिंगवर पडून राहिले, टेबलावर ठेवल्यासारखे.

पहिल्या फेरीला एक सव्वीस. दुसरीला त्याच्याही आत. जिथे गाडी उलटली होती ते वळण आलं आणि गेलं. शेपूट घसरली, त्यानं सावरली. ठिणगीइतकी ही गाडी बोलकी नव्हती, हे त्यानं नोंदलं. पण ऐकायची गरजही वाटत नव्हती.

तिसऱ्या फेरीला विहिरीच्या वळणावर झेंडा हलताना दिसला. मागच्या फेरीत त्याच्याच चाकानं ढिली झालेली कडेची एक वीट आत्ताच रस्त्यावर पडली होती. त्याला झेंडा दिसला, त्याचा अर्थही कळला. इंदू नेहमीप्रमाणे झेंडा टाकून रस्त्यात शिरली आणि विटेसाठी वाकली.

पाय उचलायला आतून जे कुणी सांगतं, ते गप्प होतं. त्यानं अंतर बघितलं. इंदूची पाठ आणि कठडा यांच्यामध्ये गाडीच्या रुंदीहून हातभर जास्त जागा होती. हातभर पुरे होती. गाडी त्या जागेतून निघून गेली, आणि आरशात इंदूचा पदर वाऱ्यानं तोंडावर उडालेला दिसला.

एक मिनिट पंचवीस. क्लबचा विक्रम. ठोके चौऱ्याहत्तर. तोडकरांनी बसल्या जागेवरून हाळी दिली. वळणावरचं त्यांना इथून दिसलंच नव्हतं. "कुठली रे?"

"शिकरा. सहा सेकंदांचा फरक आहे."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात इंदू चालत आली. वीट अजून हातातच होती. नसरीन ती काढून घ्यायला गेल्या तर बोटं सुटेनात.

"तुम्हाला मी दिसले होते?" इंदूनं विचारलं.

"हो."

"झेंडा?"

"तोही."

"मग?"

"जागा होती," रणधीर म्हणाला. त्यानं खरं तेच सांगितलं. हातानं मापही दाखवलं.

टाळ्या थांबल्या. इंदू त्या मापाकडे बघत राहिली, आणि तिचे दात वाजू लागले. कुणी पाणी आणलं, कुणी शाल. तिचे ठोके दीडशेच्या वर गेले होते आणि खाली यायला तयार नव्हते. रणधीर शेजारी बसून होता. बायको थरथरतेय, तिच्या पाठीवर हात ठेवायला हवा, हे त्याला एखादा नियम आठवावा तसं आठवलं. त्यानं ठेवला. तो हात तिनं झटकला.

"डॉक्टर, वहिनींना दोन मिनिटं उशीला टेकवू या का?" तोडकर चाचरत म्हणाले. "त्यासाठीच तर केलीय ती."

नसरीन घुटमळल्या. "ब्लडप्रेशर आहे त्यांना, हे असंच राहिलं तर बरं नाही. पण विचारा त्यांना."

"नको," इंदू म्हणाली. तिनं रणधीरच्या कोऱ्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. मग स्वतःच उठली, शिकराचं दार उघडून बसली आणि मान मागे टेकली. नसरीननं कळ दाबली.

वीस मिनिटं तेव्हा संपत आली होती. रणधीरला आधी गुडघ्यात कळलं. मग ते वर चढलं. वाकलेली पाठ, निळा पदर, हातभर जागा. सगळं आता, पहिल्यांदा, घडलं. आपण तिला मारली असती. गाडीचं दार धरून तो खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडू लागला. हात कापत होते आणि ते कापताहेत याचं त्याला बरं वाटत होतं. त्यानं इंदूचे पाय धरले.

"इंदू, माझं चुकलं गं. इंदू, बोल की काहीतरी."

इंदूचे दात वाजायचे थांबले होते. कपाळावरची आठी विरली होती. तिनं मान उशीवरून न उचलता त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ, नीट, आणि खरोखरच न कळून विचारलं,

"अहो, पण जागा होती ना?"