उसुआला मारलेली हाक

"मुलगी लाखात एक आहे हो, पण रोज सकाळी उठून सुनेला 'द्वेषा, पाणी आण गं' अशी हाक मारायची का आम्ही?"

मंडपात हशा पिकला, पण बोलणारी नवऱ्यामुलाची आत्या, मा एकानेम, स्वतः हसली नव्हती. नवरीचं नाव उसुआ, आणि इथल्या बोलीत उसुआ म्हणजे द्वेष, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि हा द्वेष कुणाचा, हे जाणणारी एकच बाई आता उरली होती... आदियाहा!

वीस वर्षांपूर्वी नवऱ्यानं धाकटी बायको केली, अतिम, आणि निपुत्रिक आदियाहाचं मन मत्सरानं काळवंडून गेलं. अतिमला कळा आल्या त्या दिवशी ती आपल्या चुलीशी अळूचे कंद किसत बसली. पलीकडून किंकाळ्या येत होत्या, तरी उठली नाही! अतिमनं त्याचं उत्तर मुलीच्या नावातून दिलं. दिवसभर अंगणातून "उसुआ, उसुआ" करायची आणि बघायची मात्र थोरलीच्या दाराकडे. वर्षाच्या आत ती तापानं गेली, आणि ते तान्हं लेकरू आदियाहाच्याच कुशीत आलं! नाव बदल, सगळ्यांनी सांगितलं. पण मेलेल्या सवतीचा शब्द पुसायचा आपल्याला काय अधिकार, म्हणून तो घाव ती रोज आपल्याच जिभेवर घेत राहिली.

आदियाहा उठली.

"मुलीत खोट नाही, मा. तिच्या आईतही नव्हती. तो द्वेष माझा... ते नाव मला उद्देशून ठेवलंय. खुशाल बदला."

वडीलधाऱ्यांनी नवं नाव ठरवलं: इदारा, आनंद. आता रीतीप्रमाणे आईनं हाक मारायची आणि मुलीनं बाहेर येऊन नवऱ्यामुलाला ताडीचा पेला द्यायचा.

"इदारा!"

दार हललं नाही. आतून सगळं ऐकलं असेल तिनं... तुटली लेक, आज कायमची तुटली!

"इदारा, ये गं..."

"नवरी पळाली वाटतं," कुणीतरी कुजबुजलं.

तेवढ्यात दारात उसुआ दिसली, केसांत पोवळी, डोळ्यांत पाणी.

"कुणाला बोलावतेस गं आई? या घरात कुणी इदारा राहते का?"

"बाळा, त्या नावाचा अर्थ..."

"ठाऊक आहे मला. मी पाच वर्षांची असताना बाजारात दोघी भांडत होत्या. एक म्हणाली, माझ्या मनात तुझ्याबद्दल नुसता उसुआ आहे! मला वाटलं, अगं बाई, किती जीव आहे हिचा हिच्यावर! तुझ्या तोंडून त्या शब्दाचा दुसरा अर्थ मी कधी ऐकलाच नव्हता, आई!"

मा एकानेमनं डोक्याचा रुमाल सोडून डोळे टिपले. "मार बाई तुझीच हाक," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आम्हालाही शिकू दे, कशी मारायची ते."

आदियाहा दाराकडे वळली. मग हुंदक्यासह हाक आली.

"उसुआ...!"

"आले, आई," म्हणत लेक उंबरा ओलांडून आली, आणि पेला घेण्याआधी तिनं आईचा हात धरला.