उरलेली वर्षं

खट्. डब्याचं झाकण बसलं, आणि तेवढ्या आवाजानंही डॉ. शलाका कुंभोजकर दचकली. दोन वर्षांपूर्वी या वेळेला कुलगुरू निवासासमोर रिक्षा, स्कूटी, भाजीवाल्याची हाळी असा नुसता गलका असे. आता आपल्याच स्वयंपाकघरातला आवाज मोठा वाटायचा.

"समीक्षासाठी पोळी जास्त घातलीस ना?" सहा वर्षांच्या जुईनं विचारलं. वर्गात आता त्या दोघीच उरल्या होत्या.

"घातली गं राणी. ये, वेणी घालू."

लेकीच्या मानेला झोपेचा उबदार वास होता. वेणी होईपर्यंतची पाच मिनिटं शलाका कुलगुरू नसायची.

सोनवेळ गावाच्या वेशीवरचा आकड्याचा फलक तिच्याच कारकिर्दीत लागला होता. विद्यापीठानं 'गावमापक' नावाचं यंत्र बनवलं होतं. विजेचा वापर, बंद पडलेले गाळे, मंगल कार्यालयांच्या तारखा, शाळांतले प्रवेश हे सगळं जुळवून ते सांगायचं, की सोनवेळची बाजारपेठ अजून किती वर्षं तग धरेल. धोका आधी कळला तर उपाय करता येईल, असा साधा हिशेब. "विद्यापीठानं आपल्या भागाला खरं सांगितलंच पाहिजे," उद्घाटनाला तीच म्हणाली होती, आणि टाळ्याही पडल्या होत्या. फलकावर पहिला आकडा आला बावीस वर्षं. तो पाहून बँकेनं शाखा हलवली, आणि बावीसचे अठरा झाले. मग दोन डॉक्टर गेले. बारा. यंत्र एकदाही चुकलं नाही. गेला महिनाभर फलकावर सात होते.

दार वाजलं. समीक्षाची आई मंगल आली होती. ती विद्यार्थ्यांची खानावळ चालवायची.

"या ना मंगलताई, बसा."

"बसत नाही. भाजी चुलीवर आहे. जेवायला पोरं किती, तर नऊ! पूर्वी नऊ जणी नुसता कांदा चिरायला लागायच्या." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "मॅडम, फलकावर सातचे चार झालेत. कालपासून आजपर्यंत गेलं तरी कोण गावातनं?"

शलाकाला काहीच कल्पना नव्हती. तिनं यंत्र सांभाळणाऱ्या मुजावर सरांना फोन लावला. हात वेणीत अडकलेले, म्हणून स्पीकर चालू केला.

"सर, सातचे चार कशानं झाले?"

"मॅडम... नंतर बोलूया का?"

"आत्ताच सांगा."

"शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी काल एक अर्ज आला. एकच. पण इथली मोठ्या पदावरची माणसं आपली मुलं कुठं शिकवतात, याला यंत्र फार वजन देतं. भाषणांना काहीच देत नाही." सरांनी आवाज खाली आणला. "अर्ज जुईचा आहे."

वेणीचा एक पेड हातातून सुटला. अर्ज भरताना तिच्या मनात एवढंच होतं, की दोन पोरींच्या वर्गात माझं लेकरू काय शिकणार? कुठलीही आई हेच म्हणाली असती.

"मी मागे घेते अर्ज. आत्ता घेते."

"घ्या. पण आकडा चढायचा नाही, मॅडम. एकदा निघायचं मनात आणलेल्या माणसाला ते परत राहणाऱ्यांत धरत नाही. तो नियम तुम्हीच घालायला लावला होतात."

फोन बंद झाला. मंगल उंबऱ्यातूनच, ओले हात पदराला पुसत म्हणाली, "असू द्या मॅडम. मला जाता आलं असतं तर मीही गेलेच असते. फक्त मागच्या आठवड्यात 'मंगलताई, खानावळ वाढवा, विद्यापीठ आहे पाठीशी' म्हणालात, तेव्हा सांगायचं होतंत. मी दुसरी भट्टी बसवून घेतली हो."

ती वळली आणि पायऱ्या उतरून गेली.

अर्धी वेणी खांद्यावर घेऊन जुई आईकडे वळली.

"आई, आपण गेल्यावर समीक्षाच्या वर्गात कोण असेल?"