पूर्वेकडे तोंड करून

धोंडिबा कोळपे यांच्या लेकीचं, इंदरचं लग्न झालं, त्याच वर्षी खडीवर पहिल्या सायकली आल्या. खडी म्हणजे सूर्याभोवती फिरणारा, दोनशे किलोमीटर रुंदीचा एक दगड. तिथली वीज हवा तयार करण्यातच संपे. म्हणून माणसं हवाबंद पोशाख चढवून पायडल मारत. बाहेर वाराच नसल्यानं अडवणारं काही नव्हतं. पुढची चकती परातीएवढी आणि मागची नाण्याएवढी बसवली, की पायडलच्या एका फेऱ्यात सायकल चाळीस मीटर जाई.

एके दिवशी खडीच्या बरोबर पल्याडच्या बाजूच्या ठाण्यात हवेचं यंत्र बंद पडलं. पाळीवर एकटी इंदर होती. दोन तासांची हवा उरली होती. तिचा नवरा रावजी यंत्राची उरलेली एकच नवी झडप पिशवीत घालून निघाला, तेवढ्यात शास्त्रज्ञ सुलभा टिपणीस आडव्या आल्या.

"रावजी, पश्चिमेकडून जा."

"बाई, मावळतीकडं आम्ही मढी नेतो," धोंडिबा म्हणाले. "चांगल्या कामाला तोंड उगवतीला."

"अंतर दोन्हीकडून सारखंच आहे हो! पण खडी स्वतः पूर्वेकडे फिरते. तिकडे गेलं की तिचा वेग याच्या वेगात मिळणार. गोफणीतला दगड बाहेर ओढ घेतो ना, तसा वेग वाढला की माणूसही वर ओढला जातो. वजन घटत घटत शून्य होतं. त्याला मी उचलवेग म्हणते. पश्चिमेला तो खूप उशिरा येतो."

"मग हळू जाईल."

"हळू गेला तर हवा संपेल!"

"तुमचं ऐकत बसला तरी संपेल."

रावजीनं दोघांकडे पाहिलं. सासऱ्याचा शब्द त्याला मोडवेना. तो उगवतीकडे निघाला.

तासाभरानं रेडिओवर त्याचा आवाज आला. "बाई, पायडल मोकळंच फिरतंय."

"ब्रेक मार!"

"मारला. चाक थांबलं. मी नाही थांबलो."

चाक थांबलं तरी त्याला धरायला जमीन हवी. टायर रस्त्यापासून वीतभर वर होता. कधी टेकायचा, पण वेग मोडण्याइतकं वजन त्याच्यात नव्हतं.

ठाण्याच्या खिडकीतून इंदरनं त्याला येताना पाहिलं. तिनं हात हलवला. रावजीनं पिशवी तिच्याकडे फेकली. पिशवीलाही त्याचाच वेग. ती त्याच्या बाजूबाजूनं चालत राहिली. खिडकी मागे पडली.

"अगं, थांबता येईना गं!" तो रेडिओवर ओरडत होता.

"बाबांना काही बोलू नका," ती म्हणाली.

टायर घासत घासत, खडीभोवती दोन फेऱ्यांनंतर कुठे तो जमिनीला लागला. तोही आपल्याच दाराजवळ. तोंड पूर्वेलाच होतं. पिशवी केव्हाच भरकटली होती.

धोंडिबांनी दार उघडलं. जावयाला आत घ्यायचंही त्यांना सुचेना.

इंदर रावजी शेळके त्याच दुपारी पल्याडच्या ठाण्यात गुदमरून वारली. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. तिला मावळतीकडे नेलं, सायकलवरून. वाटेत कुठेही चाक उचललं नाही.