अर्ध्या डोक्याची चाचणी

त्याला खरं तर दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. मजला चुकला आणि गाल धरून तो थेट आमच्या प्रयोगशाळेत शिरला. मी वर पाहिलं आणि माझ्या जिभेला लगाम राहिला नाही.

“केसांचं हे काय करून ठेवलंय तुम्ही?”

तो पोहणं शिकवायचा. तलावातल्या क्लोरीनने केसांचा पार काथ्या झाला होता, कपाळावरची त्वचा सोलवटली होती. मला तर घबाडच मिळालं! आमच्या नव्या अमिनो आम्लांच्या सीरमसाठी मी अशीच डोकी शोधत होते. उजव्या अर्ध्या डोक्याला अमिनो आम्लांचं सीरम, डाव्या अर्ध्याला त्याशिवायचं साधं, आणि दर आठवड्याला माझ्यासमोर तपासणी, असं मी त्याला सुचवलं.

लावल्याने केस भराभर वाढतील का, असं त्याने विचारलं. मी समजावलं, केस वाढतो मुळाशी, आणि त्याला लागणारी अमिनो आम्लं मिळतात जेवणातल्या प्रथिनांतून. बाहेरून लावलेली फक्त केसांची तुटातूट कमी करतात, त्वचेत ओलावा धरून ठेवतात.

“म्हणजे वेळेवर जेवायचं...” तो हसला, “आणि तुमच्याकडे यायचं.”

मी भिंगात डोळा खुपसला. कान तापले होते.

तो येत राहिला. ओल्या टॉवेलचा वास, मान झुकवून बसणं, आणि मी केस विंचरताना मधेच वर बघणं... तपासणीच्या दिवशी मी निळाच ड्रेस घालते, हे वहिनीने बरोबर हेरलं आणि माझी पुरती फिरकी घेतली. पण आमच्या मॅडमचा नियम कडक होता. तपासणाऱ्याने चाचणीतल्या माणसाशी बाहेर भेटीगाठी ठेवायच्या नाहीत, नाहीतर त्याची सगळी निरीक्षणं रद्द. त्याने कॉफीला विचारलं, तेव्हा मी नाही म्हणाले. चाचणी संपायला अजून कितीतरी महिने होते, आणि मला एकेक आठवडा जड जात होता.

मग एके दिवशी भिंगाखाली डावी बाजू पाहिली आणि मी उडालेच. तीही मऊ, चमकदार! साध्या सीरमने? मी पुन्हा पाहिलं. हे खरं असेल तर आमच्या अमिनो आम्लांत काही दमच नव्हता.

“तुम्ही डावीकडे काय लावलंत?”

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

“उजवीकडचंच. सुरुवातीपासून नाही... गेला महिनाभर. अर्धं डोकं छान आणि अर्धं झाडू, असं घेऊन तुमच्यासमोर बसवेना हो.”

मला रागवायचं होतं. इतक्या दिवसांची मेहनत वाया गेली होती. पण राग काही येईना. मी मॅडमकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्याला चाचणीतून बाद केलं.

परत आले तर तो दारापाशी उभा, चेहरा उतरलेला.

“बाद झालात तुम्ही,” मी म्हणाले.

“म्हणजे... आता यायचं नाही?”

“तपासणीला नाही.” मी एका दमात म्हणाले. “आता नियमही नाही. आणि मला तू आवडतोस.”

त्याने डोक्यावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, “कुठली बाजू?”

“अख्खा,” मी म्हणाले.